मुक्या गाडीची कटकट

खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी मला खोली दाखवलीच नाही. दारातच उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे असे बघत राहिले की मला वाटलं, सकाळच्या टोस्टचं काहीतरी ओठाला चिकटून राहिलंय. मग म्हणाले, "खोली देतो. पण मिशी काढायची."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत.

"माझ्या घरात मिशीवाला भाडेकरू नको. दाढीवाला तर नकोच नको. बोल, काढतोस?"

मिशी हा आमच्या नागपूरच्या घराण्याचा एकुलता एक ऐवज. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आलेला. पण बर्मिंगहॅममध्ये कंपनीनं दिलेलं हॉटेल शुक्रवारी संपत होतं आणि बाहेर नोव्हेंबरचा पाऊस आडवा येत होता. दुसऱ्या दिवशी मी सोललेल्या ओठानं हजर झालो. काकांनी मला उजेडाकडे वळवलं, निरखून बघितलं आणि म्हणाले, "आता कसा माणसासारखा दिसतोस. ये आत."

त्या क्षणीच मी त्यांचा सूड घ्यायचं ठरवलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हा माझा धंदा. ऑफिस सुटलं म्हणून ती सवय सुटत नाही. काकांचे एकेक विक्षिप्त प्रकार मी टिपायला लागलो आणि पुण्यातल्या मित्रांना दर शुक्रवारी ई-मेलनं कळवायला लागलो. मित्र म्हणायचे, हा माणूस तू बनवून सांगतोयस.

बनवायची गरजच नव्हती. काका मूळचे कोल्हापूरचे, उद्यमनगरात लेथवर हात बसलेला. ऐन तारुण्यात इंग्लंडला आले आणि बर्मिंगहॅमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात, पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, निवृत्त होईपर्यंत राहिले. तिथल्या मराठी मंडळातले सगळे त्यांना काकाच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्यांना स्वतःला मात्र आणखी एक पदवी आवडायची. मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक कार्यक्रमात त्यांची ओळख करून द्यायचे ती अशी, "आणि हे आपल्या मंडळाचे कान!" काका छाती काढून उभे राहायचे.

कान कशासाठी, ते रविवारी कळायचं. दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्या घरापुढच्या फरसबंद जागेत, जिला तिकडे ड्राइव्ह म्हणतात, बाह्यरुग्ण विभाग भरायचा. शहरातल्या मराठी माणसांच्या झिजलेल्या, खोकणाऱ्या, चौथ्या मालकाकडे आलेल्या गाड्या रस्त्यावर ओळीनं उभ्या राहायच्या. काका एकेकीचं बॉनेट उघडायचे, इंजिन सुरू करायला लावायचे आणि खिशातून हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर काढायचे. टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ चक्क दातात धरायची. मग डोळे मिटायचे. इतर मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावतात म्हणे. काकांची तऱ्हा वेगळी.

सगळे श्वास रोखून उभे. काका दात विचकून, डोळे मिटून, इंजिनाशी जोडलेले. आमच्यातला एक दंतवैद्य दर वेळी कळवळून म्हणायचा, "काका, दात जातील हो!"

काका मूठ तोंडातून काढायचे, त्याच्याकडे बघायचे. "परत बोल." तो परत बोलायचा. "गेले तर कवळीनं ऐकीन," काका म्हणायचे आणि मूठ पुन्हा दातात.

दोन मिनिटांनी निकाल. "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे." किंवा, "बेअरिंग चाललंय. हिवाळा काढणार नाही." सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे निदान बहुधा बरोबर निघायचं.

"इंजिनाचं ऐकावं," ते म्हणायचे. "माणसं काय, काहीही बोलतात."

या वाक्याचा दुसरा भाग ते फारच निष्ठेनं पाळायचे. "काका, चहा घेणार?" असं मागून विचारलं तर उत्तर यायचंच नाही. आलं तर, "मागचा टायर जरा बसलाय की रं," असं यायचं. एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत, समोरच्याला मध्ये शिरायला फटच ठेवायचे नाहीत. फोन घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "फोनवर तोंड दिसत नाही, मग माणूस थापा मारतोय का कळणार कसं?" टीव्ही बघायचे तो खालची अक्षरं लावून. वर पुन्हा मला सांगायचे की इंग्लिश कळत नाही म्हणून नव्हे, वाचनाची सवय राहावी म्हणून. जेवायला बसलो की काकूंना प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायची खोड. मी म्हणालो, "आमटी मस्त झालीय," की काकू काकांकडे वळून, "आमटी मस्त झालीय म्हणतोय." मला वाटायचं, चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर बाईचं दुसरं काय होणार!

त्यांची स्वतःची गाडी मोहरीच्या रंगाची होती आणि लेकीपेक्षा वयानं मोठी होती. थंडीत ती उठवायची म्हणजे आधी चोकचा गोळा ओढायचा, मग तिला नावानं हाक मारल्यासारखं दोनदा ॲक्सिलरेटर दाबायचं. ती सुरू झाल्याची वर्दी स्वयंपाकघरातल्या कपबशा द्यायच्या. आत बसलं की सीट, काच, दार, माझ्या दाढेतलं सिमेंट, सगळं एका तालात हलायला लागायचं. काकांचा डावा तळवा सतत गिअरच्या गोळ्यावर पालथा. "तिसरा मागतीय बघ," म्हणायचे आणि टाकायचे. बसायचं मात्र पुढे, त्यांच्या डाव्या हाताला. मागे बसलेल्या माणसाशी ते बोलायचेच नाहीत. म्हणायचे, "मागे बसतात ते सामान."

अशा माणसाच्या दारात एक दिवस हायब्रिड गाडी आली.

आणली लेकीनं. ती साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. जन्म बर्मिंगहॅमचा, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतं आणि प्रेमापुरतं. पहिलं बाळ व्हायचं होतं आणि आजोबा-आजी त्या मोहरीच्या डब्यातून मोटरवेनं ये-जा करणार या कल्पनेनं तिची झोप उडाली होती.

"बाबा, तो जुना गाडी डेथ-ट्रॅप आहे," ती त्यांच्यासमोर बसून, दोन्ही हात धरून म्हणाली. "एअरबॅग नाही, काही नाही. हा नवा गाडी तुमच्यासाठी. पण दिवाळीपर्यंत जुना स्क्रॅपला गेला पाहिजे. नाहीतर माझा बाळ इथे येणार नाही. आय मीन इट."

काका उठून बाहेर गेले आणि जुन्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो. आत्ता सांगायला लाज वाटते, पण मनात पहिला विचार आला तो शुक्रवारच्या ई-मेलचा.

नव्या गाडीची पूजा तर व्हायलाच हवी होती. काकूंनी बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. समोरच्या घरातली इंग्लिश म्हातारी कुंपणापाशी येऊन थांबली. काका आत बसले आणि चालू करायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. काका बटण दाबतायत, आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलून उभे. "बॅटरी डाउन," काकांनी जाहीर केलं. "पहिल्याच दिवशी!"

"बाबा, चालू झाला होता! तुम्ही बंद केला!" लेक खिडकीत वाकून, तोंड त्यांच्यासमोर नेऊन म्हणाली. "हा असाच असतो. सायलेंट."

"चालू आहे?" काकांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, मग डॅशबोर्डवर तळवा ठेवला, जसा ताप बघतात. "कशावरून?"

लेकीनं हिरवा दिवा दाखवला. काकांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी नुसती घरंगळली. लिंबं फुटली त्याचा आवाज गाडीपेक्षा मोठा होता. समोरच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या आणि काका आतमध्ये घाबरलेल्या चेहऱ्यानं बसून राहिले. तो चेहरा मी नंतर कितीतरी जणांना करून दाखवला.

त्या दिवसापासून काकांनी त्या गाडीविरुद्ध आघाडी उघडली. "मुकी आहे," हा पहिला आरोप आणि शेवटचाही. "गाडी कशी पाहिजे? बरी असली तर गाणारी, दुखलं तर कण्हणारी. ही बया एक शब्द बोलत नाही. उद्या मेली तरी सांगणार नाही." बॉनेट उघडून त्यांनी आत बघितलं तर सगळं प्लास्टिकच्या झाकणाखाली, आणि एका जाड नारिंगी केबलवर हात लावू नका अशी सूचना. एका रविवारी त्यांनी तिच्यावरही स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ दातात धरली, डोळे मिटले. इंजिनानं तेवढ्यात स्वतःला बंद करून घेतलं. काका पाच मिनिटं तसेच उभे. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"काय म्हणतीय काका?" कुणीतरी विचारलं.

काकांनी डोळे उघडले आणि स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. "आज एवढंच," म्हणाले आणि आत निघून गेले. रांगेत अजून तीन गाड्या होत्या.

गिअरचा गोळाही या गाडीत नव्हता, नुसती एक छोटी दांडी. ढकलली की परत जागेवर. काकांचा डावा हात बिचारा हवेत फिरायचा आणि शेवटी स्वतःच्या मांडीवर बसायचा. मधोमध एक पडदा होता, त्यावर बाण पळायचे, आता इंजिन चाकं फिरवतंय, आता बॅटरी. "टीव्ही बघत गाडी चालवायची!" असं म्हणत काका सारखे त्या पडद्याकडेच बघायचे.

गणपतीच्या तयारीच्या मीटिंगला त्यांनी कळस केला. शाळेच्या हॉलबाहेर गाडी लावली, उतरले, दार लावलं आणि आत आले. मी बरोबर होतो. दार उघडल्यापासून गाडी कोकलत होती, पिप् पिप् पिप्, की अहो, मला चालू ठेवून कुठे निघालात? काकांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी म्हटलं, अहंकार बघा म्हाताऱ्याचा! मीही मुद्दाम काही बोललो नाही. अर्ध्या तासानं हॉलचा केअरटेकर पांढराफटक होऊन आत आला. रिकाम्या गाडीचं इंजिन आपोआप सुरू झालं होतं. बॅटरी जरा उतरली की ती गाडी तसं करते, पण त्याला काय माहीत! तो बिचारा भुताच्या गोष्टीच्या तयारीत होता. अख्खी कमिटी पोट धरून हसली. काका काकूंकडे बघत होते. काकूंनी त्यांच्याकडे वळून, हळूच, सगळं पुन्हा सांगितलं.

एवढा मालमसाला हातात असल्यावर मी गप्प बसणार होतो थोडाच! गणेशोत्सवात विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम असतो. तिथे मी काका झालो. लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर दातात धरून स्टेजवर आलो तेव्हाच हॉल फुटला. बँकेत काम करणारा एक मित्र काकू झाला होता. तो मागून ओरडायचा, "अहो, घराला आग लागलीय!" आणि मी शांतपणे म्हणायचो, "टॅपेट ढिला असेल." तो म्हणायचा, "अहो, मी माहेरी चालले!" मी म्हणायचो, "हवा भरून जा." शेवटी मी प्रेक्षकांकडे वळून टाकलेलं वाक्य नंतर दोन महिने मंडळात फिरत होतं: "काका माणसांचं ऐकत नाहीत, कारण माणसांना बॉनेट नसतं."

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. आणि सगळ्यांत जोरात कोण हसत होतं? पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, काका. प्रत्येक विनोदाला. फक्त बाकीच्यांपेक्षा एक क्षण उशिरा, शेजारच्याकडे बघून घेऊन. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "छान. फार छान बोललास."

मला ते जरा जास्तच दिलदार वाटले. काकू हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत प्रसादाचे कागदी द्रोण एकात एक घालत होत्या. मला वाटलं, बाईंना विनोद कळत नाही.

ऑक्टोबरात लेक बाळंत झाली. काकू दोन आठवडे आधीच ट्रेननं साउथहॅम्प्टनला गेल्या होत्या. जाताना त्यांनी मला स्टीलचा एक भला मोठा डबा दाखवला. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. ट्रेनमध्ये तो डबा उचलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "तू यांच्याबरोबर ये," त्या म्हणाल्या. "यांना एकट्याला पाठवू नकोस. आणि यांच्याशी बोलताना समोर बसून, तोंडाकडे बघून बोल हो. मागून बोललेलं त्यांना आवडत नाही."

शनिवारी सकाळी निघालो. जुनी गाडी नेणं शक्यच नव्हतं, लेकीनं दारातून परत पाठवलं असतं. काकांनी स्वतः सुतारकाम करून बनवलेला पाळणा सुटा करून डिकीत आणि मागच्या अर्ध्या सीटवर चढवला होता. लाडवांचा डबा पुढच्या सीटवर. "मागे ठेवला तर पाळण्याच्या दांड्या लागून लाडू फुटतील," काका म्हणाले. म्हणजे मी मागे, पाळण्याच्या पायांमध्ये, गुडघे हनुवटीला लावून. त्यांच्याच भाषेत मी सामान झालो होतो.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडीनं सुरू केलं. पिप्. पिप्. पिप्.

पुढच्या सीटवर माणसाएवढं वजन बसलंय आणि त्यानं पट्टा लावलेला नाही, असं गाडीला वाटत होतं. काकूंचे लाडू होतेच तसे भरभक्कम. मी म्हणालो, "काका, डब्याला पट्टा लावायला पाहिजे." काका म्हणाले, "होय, पाऊस नाही ते बरं आहे."

एम-फॉर्टी मोटरवेला लागेपर्यंत पिपाणी थोडी थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, आणि दर वेळी अधिक चिडलेली. मी पुढे वाकून दोनदा सांगितलं. काका आपल्या नादात. कोल्हापूरच्या कुठल्याशा फौंड्रीची गोष्ट चालली होती. माझं डोकं दुखायला लागलं. आणि मग काकांनी स्टिअरिंगवर थाप मारून, मोठ्यानं, अगदी समाधानानं म्हटलं,

"बघितलंस? बर्मिंगहॅमपासून एक शब्द नाही. मुकी रे मुकी!"

पिप् पिप् पिप् पिप्.

मी फिसकन हसलो. मग हसू तोंडातच राहिलं. मी दोन सीटच्या मधून हात घातला, पट्टा ओढला आणि डब्याला गुंडाळून खटकन अडकवला. आवाज थांबला. इतका वेळ किंचाळणारी गाडी एकदम शांत झाली, आणि मी काकांच्या मानेकडे बघत होतो. मान हलली नाही. गोष्ट चालूच.

टेस्टरची सवय. पट्टा सोडवला, पिप् पिप्. लावला, बंद. पुन्हा सोडवला. पुन्हा लावला. काका फौंड्रीत होते.

मी साध्या आवाजात म्हणालो, "काका." मग मोठ्यानं, "काका!" मग मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून स्टेजवरचंच वाक्य गेलं.

"काका, आग लागलीय."

"हां," काका म्हणाले, "ऑक्सफर्ड आलंच आता."

पुढचा तासभर मी पाळण्याच्या दांड्या धरून बसलो होतो. मिशी. टीव्हीवरची अक्षरं. फोन. मागे बसतात ते सामान. दोनदा म्हटलेली आमटी. दातात धरलेली मूठ. हॉलमध्ये एक क्षण उशिरा येणारं हसू. अकरा महिने मी या माणसाच्या चुका शोधत होतो, आणि त्याचा पगार म्हणून लोकांच्या टाळ्या घेतल्या होत्या. मला माझी इतकी शरम आयुष्यात पूर्वी वाटली नव्हती. नंतरही क्वचितच.

साउथहॅम्प्टनला लेकीनं बाळ काकांच्या हातात दिलं. काकांनी त्याची छाती आपल्या गालाला लावली आणि डोळे मिटले. रविवारी इंजिनाचं ऐकताना मिटायचे तसेच.

"चांगलं चाललंय," म्हणाले.

मग चहा आला आणि चहाबरोबर मुद्दा आला. "दिवाळी दोन वीक्सवर आला बाबा," लेक म्हणाली. "जुना गाडीचं काय? स्क्रॅपवाल्याला फोन केला का?" काका बाळाकडे बघत होते. तिनं माझ्याकडे मान वळवली. "तुम्ही सांगा. तुम्ही रोज बघता. नवा गाडी चांगला आहे ना? मग बाबांचा प्रॉब्लेम काय आहे?"

काकूंच्या हातातला कप बशीवर वाजला. त्या माझ्याकडे बघत होत्या. गणपतीत बघितलं होतं तसंच. तेव्हा मला काही कळलं नव्हतं, आता सगळं कळत होतं.

मी खुर्ची वळवून काकांच्या समोर घेतली. उजेडाकडे तोंड केलं. प्रत्येक शब्द सुटा सुटा करून म्हणालो, "ही गाडी फार आवाज करते. सारखी पिप् पिप् पिप्. बेल्ट लावा, दार लावा, रिव्हर्स घेतलात. काकांचे कान किती तिखट, तुम्हाला माहीतच आहे. त्यांना त्या कटकटीनं डोकेदुखी होते. जुनी गाडी बरी. तिच्यात त्यांचं चित्त थाऱ्यावर राहतं."

काकांचे डोळे माझ्या ओठांवर होते. मग त्यांनी एकदम कपाळावर हात मारला. "अगं, काय सांगू तुला! बर्मिंगहॅमपासून कटकट! पिप् पिप् पिप् पिप्! डोकं उठलं माझं!"

आवाज मात्र त्यांनी चुकीचा काढला. पिपाणीपेक्षा खूप जाड, कारखान्याच्या भोंग्यासारखा. लेकीच्या लक्षात आलं नाही. ती सुस्कारा सोडून म्हणाली, "ओके, ओके. मला माहीत नव्हता. जुना ठेवा. पण गावात फक्त. आणि बाळ त्यात बसणार नाही, नेव्हर." काकू उठल्या आणि त्यांनी न विचारता माझ्या ताटलीत एक लाडू ठेवला.

रविवारी परत निघालो. पाळणा उतरला होता, काकू तिकडेच राहिल्या होत्या, मी पुढे बसलो होतो. काकांनी या वेळी फौंड्रीची गोष्ट काढली नाही. विंचेस्टर मागे पडल्यावर म्हणाले, "कधी कळलं?"

मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "लाडवांना पट्टा लावला तेव्हा."

एका डोळ्यानं त्यांनी ते वाचलं असावं. मान हलवली. "उजवा कान प्रेस शॉपमध्ये पहिल्या काही वर्षांतच गेला. डावा अर्धामुर्धा आहे. बारीक आवाज तर काहीच नाही. तिथं तपासणी व्हायची दर वर्षी. आवाज आला की बटण दाबायचं. मी नर्सच्या पेन्सिलीकडे बघून दाबायचो. लेका, दर वर्षी पास!" ते खदखदून हसले. "नाहीतर उचलून स्टोअरमध्ये बसवलं असतं. मग मंडळानं कान म्हणायला सुरुवात केली. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

थोड्या वेळानं म्हणाले, "जुन्या गाडीत मला कळतं रे. हाताला कळतं, बुडाला कळतं, दाताला कळतं. तिच्यात मी बहिरा नसतो. हिच्यात बसलो की मी कुठं आहे तेच कळत नाही."

आज माझ्याकडे क्रॉयडनमध्ये तसलीच मुकी गाडी आहे. काही बिघडलं की पडद्यावर अक्षरं येतात आणि मी ती गुपचूप गॅरेजला नेतो. त्यात दात लावण्यासारखं काही नाही. मिशी मी पुन्हा ठेवली नाही. बायको विचारते, तुमच्या घरात सगळ्यांना आहे, मग तुम्हालाच का नाही? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

पण त्या रविवारचं अजून संपलं नव्हतं. पहिलीच सर्व्हिसेस, म्हणजे रस्त्याकडेचा चहापाण्याचा थांबा, आली आणि काकांनी गाडी आत घेतली. मला वाटलं, चहा. त्यांनी लांबच्या कोपऱ्यात गाडी उभी केली, मी माझा पट्टा सोडवला. पण ते उतरले नाहीत. माझ्याकडे पूर्ण वळून बसले.

"गणपतीत तू स्टेजवर काय बोललास रे?"

मी काचेबाहेर बघायला लागलो.

"सगळे एवढे हसत होते. मी पण हसलो. माझ्याबद्दल होतं एवढं कळलं, स्क्रू-ड्रायव्हर दिसला की. पण तू एकसारखा इकडून तिकडे पळत होतास, तोंड धड दिसलं नाही. हिला विचारलं तर ही म्हणते, छान बोलला. एवढंच. आणि शेवटचं एक काहीतरी होतं, त्याला लोक फार हसले. हं, बोल. माझ्याकडे बघून."

मी म्हणालो, "जाऊ द्या ना काका." ते नुसते बघत राहिले. माझ्या ओठावर केस असते तर मी त्यांच्याआड काहीतरी पुटपुटलो असतो. नव्हते.

मी बोललो. एकेक शब्द, सावकाश. "काका माणसांचं ऐकत नाहीत. कारण माणसांना बॉनेट नसतं."

"परत बोल."

मी परत बोललो. आयुष्यात कुठलंही वाक्य म्हणायला मला एवढे कष्ट पडले नाहीत. काकांनी ते पूर्ण वाचलं, ओठ हलवून स्वतःशी म्हणून बघितलं आणि बाहेर उभ्या असलेल्या ट्रकांकडे बघत बसले. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होतो. ते हसले नाहीत.

"बरं आहे," शेवटी म्हणाले. "पण एवढं हसण्यासारखं काही नाही."

मग त्यांनी ती छोटी दांडी ढकलली, गाडी हलली आणि पडद्यावरचे बाण पळायला लागले. माझ्या छातीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पट्टा लाव. ओरडत असेल ती."

ओरडतच होती.